न भिजवणारे पाणी

एका राज्यात राजा दरवर्षी बारा गरिबांचे पाय धुई, आणि ते पाय आधीच धुतलेले असत.

प्रभू येशूने वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या संध्याकाळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पवित्र गुरुवारी हा विधी. राजाचे नाव बल्तेझार. त्याचा कारभारी कैतान मोठा टापटिपीचा माणूस. तो त्या सकाळी बारा जणांना पागेमागे बसवी, त्यांची नखे कापवी, टाचा दगडाने घासवी, वर गुलाबपाणी शिंपडवी. मग चर्चमध्ये राजा सोन्याच्या झारीतून दोन थेंब ओती आणि रेशमी पंच्याने टिपी. बिशप डोळे पुसत. भाट राजाच्या नम्रतेचे कवन गाई. राजालाही अगदी मनापासून गहिवरून येई, आणि सगळ्यात वाईट हेच होते.

एका वर्षी खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतली, म्हातारी मांत्रिकीण चर्चमध्ये येऊन त्या बारा जणांत बसली. ती देवाला मानत होती, त्याच्या मानकऱ्यांना मानत नव्हती. तिचे पाय घोट्यापर्यंत चिखलाने माखलेले.

"बाई, आधी पाय धुऊन या," कैतान म्हणाला.

"मग राजा काय धुणार?"

"राजा विधी करणार."

"बिशपबाबा, तुम्ही तरी सांगा याला."

बिशपांनी नाकाला रुमाल लावला. "फरशी नवी आहे, बाई."

म्हातारी उठली. राजाकडे वळून म्हणाली, "तुझा विधी दिसतो, पण कुणाला लागत नाही. तुझं पाणीही तसंच होवो. खाजणाच्या वाटेवर तुला तीन जण भेटतील. त्यातल्या एकाचे तरी पाय खरोखर धुतलेस, तर पाणी परत येईल."

त्या क्षणापासून राज्यातले पाणी कोणाला भिजवीना. नदी वाहत होती, विहिरी भरल्या होत्या. पण पाण्यात बुडवलेला हात कोरडा बाहेर येई, आणि घागरभर प्यायले तरी घसा कोरडाच राही. लोक शहाळ्यांवर आणि ताडगोळ्यांवर दिवस काढू लागले. दरबारात चर्चा सुरू झाली. शाप धर्मशास्त्रात बसतो की नाही, यावर बिशपांनी लांबलचक प्रवचन दिले. राजा म्हणाला, "बघू."

मग राणी आपोलीन बाळंत झाली. मुलगी झाली. बाप्तिस्म्याचे पाणी तिच्या टाळूवरून मोहरीच्या दाण्यांसारखे घरंगळले. पुढे राणीचे दूध आटू लागले, बाळाचे ओठ तडकले.

राणी म्हणाली, "तुम्ही जाता, की या बाळंत अंगाने मी जाऊ?"

राजा निघाला. बरोबर बिशप, भाट आणि ढोलवाले. खाजणाच्या तोंडाशी एक निळा खंड्या पक्षी निशाणाच्या काठीवर येऊन बसला.

"लग्न कुणाचं?" खंड्याने विचारले.

"हा प्रायश्चित्ताचा प्रवास आहे," बिशप म्हणाले.

"असं होय. ढोलावरून कळलं नाही."

पहिला भेटला मिठागरातला मजूर. पायांवर मीठ आणि गाळ यांचा थर. राजा घोड्यावरून उतरला, ढोल वाजले, भाटाने सूर लावला. राजाने वाकून ओहोळाचे पाणी ओतले. पाणी घसरून गेले, थर तसाच.

"ढोल फुटला असता तरी चाललं असतं," खंड्या म्हणाला. "गाळ काही हलला नाही."

राजाने सगळ्यांना परत पाठवले आणि तो एकटा पुढे गेला. दुसरी भेटली कोळसे पाडणारी बाई. पाय काळे कुळकुळीत. राजाने मुकुट काढून झुडपावर ठेवला आणि गुडघे टेकले. आसपास चिटपाखरू नव्हते, एका खंड्याशिवाय. राजाने पाणी ओतले. तेही घरंगळले.

"झालं का, महाराज?" बाई म्हणाली. "भट्टीवर लक्ष द्यायला हवं. तुमचं उरकेपर्यंत सगळ्याची राख होईल."

ती गेली. राजा चिडून म्हणाला, "आता कोणाला दाखवत होतो मी? इथे कोणी नव्हतं."

"तू होतास ना," खंड्या म्हणाला. "हे चित्र चर्चच्या रंगीत काचेत कसं दिसेल, तेच बघत होतास."

 ते खरे होते.

तो खाडीच्या काठावर तिसऱ्याची वाट पाहत बसला. कोणी येईना. शेवटी चिखलातून धडपडत आला तो कैतान. टापटिपीचा कैतान गुडघ्यापर्यंत चिखलात, डोक्यावर पागोटे नाही, पायात जोडे नाहीत.

"महाराज, चला. राजकन्या आता रडतही नाही. राणीसाहेबांनी बोलावलंय."

एवढे बोलून तो खालीच बसला. पायावरच्या चिखलातून रक्त येत होते.

"काय लागलं?"

"कालवाची शिंप, महाराज. काही नाही."

"जोडे कुठे गेले तुझे?"

"रुतले. काढत बसलो असतो तर उशीर झाला असता."

"पाय इकडे कर."

"छे, छे! महाराज, आधी मी धुऊन येतो..."

"कैतान, गप बस!"

राजाने त्याचा पाय मांडीवर घेतला. चिखलात जखम सापडेना. रेशमी बाहीने पुसले, बाही बरबटली. नखाने खरवडले, शिंपेचे टोक लागले, पण धरता येईना. त्याला शाप आठवला नाही, हा तिसरा आहे हेही सुचले नाही. डोळ्यांसमोर एवढेच होते की याला चालता आले पाहिजे आणि मुलीकडे पोचले पाहिजे. हात आपसूक खाडीकडे गेला. त्याने ओंजळ भरली आणि पायावर ओतली.

"आई गं!" कैतान किंचाळला. "मेलो! झोंबतंय!"

चिखलाचा ओघळ राजाच्या मांडीवरून खाली गेला.

राजाने आपले ओले हात पाहिले.

"झोंबतंय?" राजाने हळूच विचारले.

"फार झोंबतंय, महाराज," कैतान म्हणाला आणि लहान मुलासारखा हसू लागला.

राजाने शिंप उपटली, दुसराही पाय धुतला आणि कैतानला घोड्यावर आपल्यापुढे बसवले. वाटेत गावोगाव लोक विहिरींभोवती एकमेकांना भिजवत होते. राणीने अख्खी घागर तोंडाला लावली. बाळाचे ओठ ओले झाले, मग ते दूध ओढू लागले. दुसऱ्या दिवशी बाप्तिस्मा झाला, तेव्हा राजकन्येने पाणी पडताच असा टाहो फोडला की बिशप मंत्र विसरले.

आता पवित्र गुरुवारी लोक थेट कामावरून येतात. घंगाळे दोनदोनदा भरावी लागतात, विधी दिवेलागणीपर्यंत चालतो. राजा कंबर धरून उठतो आणि वैतागून म्हणतो, "पुढचा कोण?" कधी गहिवर येतो, बहुतेक वेळा येत नाही. पण पाय धुतले जातात. त्या राज्यात आता पाणी पाण्यासारखे वागते, आणि राजा बराचसा राजासारखा.