भेंडीचं पाणी

राजवाड्यासाठी गूळ करणाऱ्या रखमाजी गुळव्यावर कारभाऱ्याने भर दरबारात आळ घेतला. "महाराज, हा उसाच्या रसात भेंडीचं पाणी मिसळतो. या भेसळखोराचा हात तोडा!"

राजाने तलवार मागवली. रखमाजीची मान खाली गेली नाही.

"तोडा. पण मग गूळ कोण करणार?"

"माझा मेहुणा तयार आहे की!" कारभारी घाईने बोलून गेला.

दरबार चपापला.

रखमाजी म्हणाला, "महाराज, मळी राहिली तर गूळ टिकत नाही. उकळत्या रसात भेंडी पडली, की तळची मळी आपोआप वर येते, मग ती झाऱ्याने काढून टाकायची. आज तुमच्या दरबारात मी भेंडी झालो. मळी वर आलीय. झारा तुमच्या हातात आहे."

राजाने कारभाऱ्याची पगडी तिथल्या तिथे उतरवली.