काजव्याचा पिवळा दिवा

एक होता काजवा. एवढुस्सा! रेवूच्या आईने केलेल्या खेळात राहायचा, संगणकाच्या आत. आई रोज ओळी लिहून खेळ नव्याने बांधायची. मग काजव्याच्या शेपटीला दिवा लागायचा. लुकलुक लुकलुक! रेवू टाळ्या पिटायची.

आज खेळ बांधला, आणि दिवाच नाही! काजवा रडला मुसुमुसु. मग निघाला टुणुक टुणुक.

आला खेळातल्या जोडकाकाकडे.
"काका, काका, दिवा जोड ना! शेपटी उजळेना!"
"जोडू काय, कप्पाळ? मामाने दिवा घडवला, तर जोडीन."

टुणुक टुणुक. आला घडणमामाकडे.
"मामा, मामा, दिवा घडव ना! काका जोडेना, शेपटी उजळेना!"
"मी अख्खी ओळ वाचतो, मगच घडवतो. आज आले नुसते तुकडे! मावशीने अख्खी ओळ दिली, तर घडवीन."

टुणुक टुणुक. आला चाळणमावशीकडे. ती आईच्या ओळी चाळून मामाकडे पाठवायची.
"मावशी, मावशी, अख्खी ओळ दे ना! मामा घडवेना, काका जोडेना, शेपटी उजळेना!"
"अरे सोन्या, आईने चाळणी नवी दिलीय. आत घातलं 'पिवळा दिवा काजव्याला लावा'. बाहेर पडलं 'पिवळा'… 'दिवा'… 'काजव्याला'… 'लावा'! टप टप टप टप! आईने 'ओळ तोडू नको' सांगितलं, तर देईन."

टुणुक टुणुक. आला पडद्यावर. समोर आई!
"आई, आई, मावशीला सांग ना! मावशी ओळ देईना, मामा घडवेना, काका जोडेना, शेपटी उजळेना!"
"सांगते रे राजा. पण हात कुठे मोकळे आहेत? रेवू रडतेय कडेवर. रेवू हसली, तर सांगीन."

"रेवू, रेवू, हस ना! आई सांगेना, मावशी ओळ देईना, मामा घडवेना, काका जोडेना, शेपटी उजळेना!"
"दिवा लागला, तल हशीन!"

अगंबाई! आता कुणाकडे जायचं? कुणीच उरलं नाही. काजवा कोपऱ्यात बसला.

रेवूने पडद्याला नाक टेकवलं.
"काजू कुथे?"
"मी इथे! दिवा नाही, पण मी आहे." टुणुक!
"काजू आहे!" रेवू खुदकन हसली.

रेवू हसली, आईने सांगितलं. आईने सांगितलं, मावशीने अख्खी ओळ दिली. टप, एकदाच! मावशीने ओळ दिली, मामाने दिवा घडवला. ठोक ठोक! मामाने घडवला, काकाने जोडला. टिच्च! काकाने जोडला, शेपटी उजळली. लुकलुक लुकलुक!

रेवूने पडद्याचा पापा घेतला. दिव्याचा नाही हं. काजव्याचा!