बारा मीटर आतलं दार

त्या दिवशी आभाळ धुऊन ठेवल्यासारखं स्वच्छ होतं. माघ सरत आलेला, थंडी पातळ झालेली, झाडाचं पान हलत नव्हतं.

"मग यात चालायचं कुणी?" नूरशा बाबांनी विचारलं.

मल्हारने नकाशावरून मान वर केली. सकाळपासून तो बोलतच होता. तांबेवाडी हे शहराच्या कडेला वाढलेलं गाव. तिथे नवी बाजारपेठ व्हायची होती, आणि कुठे काय बांधायचं याचे नियम लिहायचं काम नगरपरिषदेने त्याला दिलं होतं. दोन वर्षं खपून त्याने बेचाळीस कलमं लिहिली. उद्या अकराला सभा. सभासदांचे हात वर झाले, की पुढची तीस वर्षं गाव या कागदाप्रमाणे उभं राहणार.

"सगळ्यांनी चालायचं, बाबा. त्यासाठीच तर हे सारं. फुटपाथ दहा फुटी. वीस पावलांवर झाड, झाडाखाली कट्टा. खाली दुकानं, वर घरं. दळण, दूध, दवाखाना... सगळं पायी. तुम्ही बघा तर खरं."

बाबा बघत होते. वाचता त्यांना येत नव्हतं.

मल्हारच्या कुंपणाला लागूनच त्यांचं खोपट होतं. बाबा फकीर. रोज सकाळी फेरीला निघत. नेम असा, की कुणाची पायरी चढायची नाही आणि आवाज चढवायचा नाही. रस्त्यावर उभं राहून हळूच विचारायचं. ऐकलं तर ऐकलं, नाही तर पुढचं दार.

वर्षभर मल्हार त्यांच्यापाशी येऊन बसत होता. लोकांत त्यांना गुरू म्हणत होता. बाबा म्हणत, "गुरू कसला, शेजारी आहे मी."

"दुकानाचं दार कुठं?" बाबांनी विचारलं.

"हे इथं. रस्त्यापासून बारा मीटर आत. मध्ये गाड्या लावायला जागा. कलम नऊ."

"बारा मीटर म्हणजे किती रे?"

मल्हारने दोन्ही हात पसरले. मग मिटले.

"जागेवर चल," बाबा म्हणाले.

मल्हारला तेवढंच हवं होतं. रेघा आखायच्या पांढऱ्या फक्कीची पिशवी आणि टेप घेऊन तो बाजारपेठेच्या मोकळ्या जागेकडे निघाला तो जवळजवळ धावतच. बाबा मागून आपल्या चालीने आले.

फक्कीची एक रेघ ओढली, हा फुटपाथ. बारा मीटर मोजून दुसरी ओढली, ही दुकानाची दारं. चहाच्या गाडीवरून सरूबाई ओरडली, "साहेब, कबड्डी हाय का? आमच्या ह्यांना धाडू?"

"बाजार आहे, मावशी. तुमची गाडी या झाडाखाली येणार."

"झाड कुठं हाय?"

"येईल. कलम चौदा."

बाबा पहिल्या रेघेवर उभे राहिले. म्हणाले, "तू दुकानदार. जा दारात."

मल्हार दुसऱ्या रेघेवर जाऊन ऐटीत उभा राहिला.

बाबांचे ओठ हलले.

"काय म्हणालात?"

ओठ पुन्हा हलले.

"बाबा, जरा मोठ्याने."

बाबा तसेच उभे. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता...

मल्हारने एक पाऊल पुढे टाकलं. मग दुसरं. सहा झाली, आठ झाली. गाड्यांची अर्धी जागा त्याने ओलांडली, तरी नुसती कुजबुज. चौदा. पंधरा. बाबा हाताच्या अंतरावर आले तेव्हा कुठे शब्द लागले.

"आहे का कुणी आत?"

मल्हार जागीच थांबला.

मग त्याने पायांकडे पाहिलं. मागे वळून दाराच्या रेघेकडे पाहिलं. आणि एकदम हसत सुटला.

"अहो बाबा... मी दार पळवून नेलं की. फुटपाथ आणला, झाडं आणली आणि दारच लांब नेऊन ठेवलं. या बारा मीटरांत पायी येणार कोण?"

त्याने पिशवी उचलली. जिथे ऐकू आलं होतं तिथे, फुटपाथला लागून, तिसरी रेघ ओढली. गाड्या दुकानांच्या मागे नेल्या. दाराला फुटपाथ चिकटला, फुटपाथला झाड. पुन्हा दारात उभा राहिला. आता सरूबाईच्या कपबशांची किणकिणसुद्धा येत होती. मांडीवर कागद घेऊन त्याने कलम नऊ खोडलं आणि नवं लिहिलं.

लिहून झालं, आणि हात थांबला.

"पण बाबा... जुनं कलम सभेला पसंत होतं. अध्यक्षांना तर दारापुढे गाडी हवीच. हे वाचलं की सगळा आराखडाच फेकून देतील. सतरा जण एकदम ओरडतात. गेल्या सभेत मी घसा फोडून सांगत होतो. कुणाच्या कानात एक शब्द गेला नाही."

बाबा अंगरख्याला लागलेली फक्की झटकत होते.

"उद्या कसं सांगू मी त्यांना?"

बाबा निघाले. चार पावलं गेल्यावर थांबले, पण वळले नाहीत. मल्हारला उठून त्यांच्याजवळ जावं लागलं.

"उद्या," त्याचे शेजारी म्हणाले, "हळू बोल."