शेजारच्या गावची भरलेली विहीर

फार पूर्वीची गोष्ट आहे. चारही बाजूंनी डोंगर असलेले एक राज्य होते. डोंगर देवाने घातले होते आणि डोंगरांवरचे पहारे राजाने.

त्या राज्यात कोणालाच दुःख नव्हते. तसा हुकूमच होता.

राजाच्या कारागिरांनी एक अद्भुत वस्तू घडवली होती. प्रत्येक गावच्या चावडीवर माणसाहून उंच असा आरसा बसवलेला होता. दिवेलागणीला तो आपोआप उजळे आणि त्यात दुसरे एखादे गाव दिसे, बहुधा शेजारचे. भरलेल्या विहिरी, न्हालेले बैल, हसणाऱ्या बायका. माणसे चपला बाहेर काढून बसत. म्हातारे हात जोडत. डोंगरापलीकडचे पाणी इथे बसून डोळ्यांनी प्यायला मिळावे, हा काही लहान चमत्कार नव्हे.

एवढेच, की बघणाऱ्याचे स्वतःचे गाव त्यात कधी दिसत नसे. "आपलं सुख आपणच पाहिलं तर दृष्ट लागते," असे राजाने सांगितले होते. राजाला आपली इतकी काळजी आहे हे ऐकून लोकांना भरून आले होते.

गावाची शीव ओलांडायला बंदी होती. सगळे घरबसल्या दिसत असताना पायांना त्रास कशाला, एवढाच त्यामागचा विचार.

अशाच एका गावात एक कुंभारीण राहत होती. गावची विहीर आटलेली होती. कपारीतून ठिबकणारे पाणी धरून लोक घागरी भरत. पण मधून मधून चित्राचा दिवस येई. दुसऱ्या गावांना दाखवायचे गावाचे चित्र टिपायला राजाचा कारभारी पालखीतून एक लहान आरसा घेऊन येई, आणि घरोघरच्या घागरी विहिरीत ओतल्या जात. तळ झाकला की पुरे. पाण्यावर आभाळ चमकले की खोली कोण विचारतो? कुंभारणीचे दात चांगले, म्हणून हसत पाणी ओढायचे काम दर वेळी तिच्याकडे.

एकदा चित्राच्या दिवशीच तिच्या लेकीचे दिवस भरले होते. कुंभारणीने एक घागर झाकून ठेवली. कारभाऱ्याने झाकण उचलले.

"ही कुणासाठी?"

"लेक बाळंत व्हायचीय, सरकार."

"व्हायचीय ना? झाली नाही ना? मग ओत. आणि हास बरं, मागच्यासारखं. तुझ्या हसण्याचं दरबारात नाव निघतं."

ती हसली. पालखी वेशीबाहेर जाईपर्यंत पाणी तळाच्या भेगांत उतरून गेले.

पहाटे नात जन्मली. घरात थेंब नव्हता, आणि कोणाच्याच घरात नव्हता. "आई, पाणी," एवढेच लेक म्हणत होती.

कुंभारणीने रिकामी घागर काखेत घेतली. चावडीवर पाटलाने हटकले, "कुठं गं?"

"शेजारच्या गावाला. रोज बघतो की आपण, काठोकाठ विहीर आहे त्यांची. इतकी हसरी माणसं, पाण्याला नाही म्हणतील होय?"

"मी तुला पाहिलेलं नाही," पाटील म्हणाला, आणि तोंड फिरवून आरशाकडे बघत बसला. सकाळच्या वेळी आरशात काहीच नसते, तरीही.

पहारे होते ते राज्याच्या कडेच्या डोंगरांवर; गावाच्या शिवेवर पहारा नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती. कुंभारीण खिंडीत पोचली आणि जागच्या जागी थबकली. जन्मात पहिल्यांदा तिला दोन्हीकडच्या दऱ्या एकदम दिसत होत्या. माती दोन्हीकडे सारखीच तांबडी, सारखीच भेगाळलेली. वर आभाळ एवढे मोठे, की कोणत्याच आरशात मावले नसते. आपण फार लहान आहोत असे तिला वाटले, आणि का कोण जाणे, बरेही वाटले.

पलीकडून एक माणूस चढून येत होता. पांढऱ्या झुपकेदार मिशा, खांद्यावर घागर. तिला बघताच त्याने घागर खाली ठेवून हात जोडले.

"बाई, हसत पाणी ओढणाऱ्या त्या तुम्हीच ना? आमची म्हातारी रोज तुम्हाला नमस्कार करते!"

"आणि दादा, तुम्ही बैलाला अंघोळ घालणारे! काय तुकतुकीत बैल हो तुमचा."

"बैल गेला, बाई. तहानेनं. त्या अंघोळीचं पाणी त्यानं प्यायचं होतं."

तिने त्याच्या घागरीत डोकावले. त्याने तिच्या.

"मी तुमच्याकडंच मागायला निघालो होतो," तो म्हणाला.

"मी तुमच्याकडं."

मग कुंभारीण हसली. या हसण्याला दात दाखवावे लागले नाहीत.

बाळंतिणीची हकिकत ऐकून त्या माणसाने कमरेचा पाण्याचा भोपळा सोडून तिच्या हाती दिला. "वाटेसाठी घेतलं होतं. लेकीला न्या."

"आणि तुम्ही?"

"मला आता पुढं कुठं जायचंय?"

लेक पाणी प्यायली. नातीचे ओठ ओले झाले. कुंभारणीने चावडीवर सगळे सांगितले.

"अगं, पण आम्ही रोज डोळ्यांनी पाहतो!" पाटील म्हणाला.

"त्यांनीही आपल्याला डोळ्यांनीच पाहिलं, पाटील."

पुढच्या चित्राच्या दिवशी कोणी घागर ओतली नाही. बायका आपापल्या उंबऱ्यात घागरींना टेकून बसल्या. कारभारी ओरडला, तेव्हा नातीला मांडीवर घेऊन कुंभारीण म्हणाली, "हे पाणी हिच्या वाट्याचं आहे, सरकार. चित्र काढायचं तर काढा. विहीर तिथंच आहे."

कारभारी विचारात पडला. आरसा रिकामा राहिला तर डोके जाणार होते. कोरडी विहीर दाखवली तर फक्त नोकरी. त्याने कोरडी विहीर दाखवली. आरशाने ती तशीच घेतली. तो कधीच खोटे बोलला नव्हता. समोर जे ठेवाल ते दाखवीत होता.

त्या दिवेलागणीला राज्यातल्या बाकीच्या प्रत्येक चावडीवर त्या कोरड्या विहिरीचा भेगाळलेला तळ उजळला. मग कुठल्याशा गावात कोणी हलकेच म्हणाले, "ही तर आपल्यासारखीच." तेच पुढच्या गावात. तेच त्याच्या पुढच्या गावात. लोक उठले, चपला घातल्या आणि आपापल्या शिवेकडे चालू लागले.

महालात राजाही आरसा बघत होता. त्याने विचारले, "हे कुठलं राज्य?"

कोणी उत्तर दिले नाही. तशी परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी आरसे उजळलेच नाहीत. काळ्या काचेत लोकांनी पहिल्यांदा स्वतःचे चेहरे नीट पाहिले. तहानलेले होते, पण एकटे नव्हते. त्यांच्या मागे शेजारच्या गावचे लोक उभे होते, खांद्यावर कुदळी घेऊन.

तात्पर्य : आपले दुःख झाकून जो दुसऱ्याच्या सुखाचे चित्र बघत बसतो, तो स्वतः तहानलेला राहतो आणि शेजाऱ्यालाही तहानलेला ठेवतो.