उडालेली झोप

"महाराजांची झोप उडाली! आणि ती तू उडवलीस!"

प्रधान त्रिंबकपंत बांधावरून ओरडले, तशी शेतातल्या उंच माळ्यावर उभ्या असलेल्या हौसाच्या हातातली गोफण थांबली. ज्वारीचा दाणा भरत आला होता आणि ती पहाटेपासून पाखरं हाकत होती. पंतांच्या मागे खुद्द राजा गंभीरसेन उभे होते, डोळे तांबारलेले. त्यांच्या मागे सगळा दरबार, जांभया गिळत.

हौसाचं शेत राजवाड्याच्या भिंतीला लागून होतं, हाच काय तो तिचा गुन्हा. महाराजांना आपल्या जागरणाचा मोठा अभिमान होता. शहाण्या माणसाला रात्री एक प्रहर झोप पुरे, उरलेली झोप पोराटोरांची आणि म्हशींची, असं ते म्हणत. मग दरबारातही कुणी जास्त झोपल्याचं कबूल करत नसे. रात्रभर राज्याची काळजी करून महाराज पहाटे आडवे व्हायचे, आणि नेमकी त्याच वेळी भिंतीपलीकडे आरोळी उठायची, "हाऽऽ हा! हुर्रर्र!"

"काय गं, झोप तूच उडवलीस ना?" महाराजांनी विचारलं.

"मी पाखरं उडवली, महाराज. त्यांच्यात आपली झोप होती, हे काही दिसलं नाही."

"वर तोंड करून बोलते! जिनं उडवली तिनंच धरून आणावी. दिवस मावळायच्या आत आमची झोप आम्हाला परत हवी! नाहीतर हे उभं पीक कापून हत्तींपुढे टाकू!"

हौसाचा बाप सटवाजी हात जोडत धावला. "महाराज, वर्षाची भाकरी आहे हो ही आमची!"

"अरे, राजा रात्रभर जागतो म्हणून तुम्ही सुखानं झोपता!" पंतांनी दटावलं.

"ते खरंच, पंत," हौसा म्हणाली. "पण आम्ही सगळे झोपल्यावर महाराज जागून बघतात तरी कुणाला?"

एक शिपाई फिस्सकन हसला आणि लगेच खोकला.

हौसानं एकदा पिकाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग ती माळ्यावरून खाली उतरली. "धरते, महाराज. पण पाखरू धरायचं तर पाखराच्या कलानं घ्यावं लागतं. ते उडालं आपल्यापासून, तेव्हा परत येईल तेही आपल्यापाशीच. आपण वर माळ्यावर बसायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि राज्याची काळजी तर मुळीच करायची नाही. तिच्या नुसत्या वासानं ते लांब पळतं!"

"आणि आम्ही?" पंतांनी विचारलं.

"तुम्ही सगळे बांधापलीकडे. मोठ्या माणसांच्या खोकण्याला पाखरं फार भितात."

महाराज माळ्यावर चढले. हौसानं त्यांच्यापुढे गरम हुरडा ठेवला, वर तांब्याभर ताक दिलं. थंडीचे दिवस, अंगावर उबदार ऊन, खाली वाऱ्यानं सळसळणारी ज्वारी.

"कुठे आहे?" महाराज डोळे ताणून म्हणाले.

"श्श! येतंय."

"दिसतं कसं?"

"उघड्या डोळ्यांना नाही दिसत, महाराज."

म्हणून महाराजांनी, केवळ नीट दिसावं म्हणून, डोळे मिटले. थोड्याच वेळात असं काही घोरणं सुरू झालं की गोफण न फिरवताच शेतातले सगळे होले भुर्रकन उडाले!

हौसा हळूच माळ्यावर चढली. तिनं महाराजांची पगडी उचलली आणि शेताच्या मधोमध उभ्या असलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर नेऊन ठेवली. बांधापलीकडून दरबाऱ्यांच्या झोपाळू डोळ्यांना पगडी तेवढी दिसली. सगळे मुजऱ्याला वाकले. समोरून काही खूण होईना, म्हणून सरळ व्हायची कुणाची छाती होईना.

दिवस कलला तेव्हा महाराज दचकून उठले. "काय गं? कुठे आहे आमची झोप?"

"धरून दिली होती, महाराज. दुपारभर आपल्यापाशीच होती. आत्ता आपणच उडवलीत!"

"खोटं! आम्ही झोपलोच नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो!"

पंत कंबर धरत पळत आले. "अगदी खरं! आम्ही साक्षी आहोत. महाराज दुपारभर शेतात ताठ उभे होते!"

"उभे?" महाराज गोंधळले. "आम्ही तर बसलो होतो."

सटवाजीचा चेहरा उतरला. एवढे मोठे साक्षीदार, पीक गेलंच म्हणायचं! हौसा मात्र शांतपणे म्हणाली, "बरं, आपण जागे होतात. मग आपली पगडी तिकडे कशी गेली, तेवढं सांगा."

महाराजांचा हात डोक्याकडे गेला. मान शेताकडे वळली. बुजगावणं पगडी घालून हात पसरून उभं होतं, आणि पगडीवर एक कावळा बसला होता.

"झोपेत गेली असेल, तर माझं काम झालं," हौसा म्हणाली. "आणि जागेपणी डोक्यावरून गेली असेल, तर मग आमचे राजे तेच! मुजरे तरी दुपारपासून त्यांनाच चालले आहेत!"

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. महाराजांनी एकदा कावळ्याकडे पाहिलं, एकदा पंतांकडे, आणि असे खदाखदा हसले की माळा करकरला.

"झोपलो होतो गं पोरी! ढाराढूर झोपलो होतो!"

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाला दिलं आणि ते शेत सटवाजीला कायमचं इनाम करून टाकलं. मग ते माळ्यावरून उतरले आणि वाड्याकडे चालू लागले.

"महाराज, पगडी!" पंत मागून ओरडले.

"राहू द्या आज तिथंच," महाराज भलीमोठी जांभई देत म्हणाले. "रात्री राज्याची काळजी करायला कुणीतरी जागं हवंच ना!"