तीन पिकोअँपिअर

“...ते राहू द्या मिस्त्री. यातलं सगळ्यात भारी कनेक्टर कोणतं, तेवढं सांगा.”

खासनीस सरांनी टेबलावर तीन कनेक्टर मांडले. एक साधं, एक सोन्याचा मुलामा दिलेलं, एक परदेशी, तीन थरांचं. शेजारी त्यांनी कॉलेजातलं मीटर आणि मोजायचा नमुनाही आणून ठेवला होता.

तातोबा मिस्त्री उद्यमनगरात मीटर दुरुस्त करतात. तीस वर्षांपूर्वी सर त्यांच्याकडेच सोल्डरिंग शिकले. आता ते विभागप्रमुख आहेत, म्हणून हे कुणाला सांगत नाहीत.

“कशापायी बदलायचं?”

“या मंजिरीमुळे.” सरांनी मागे न बघताच तिच्याकडे अंगठ्यानं खूण केली. “महिन्यापूर्वी हिनं वहीत तीन पिकोअँपिअर लिहिलं. आज तोच नमुना, तेच मीटर, आणि तीन हजार! आकडे घरी बसून लिहिलेत हिनं. नव्या कनेक्टरवर एकदा सिद्ध झालं, की हिची पीएचडी बंद.”

एका अँपिअरचे लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक म्हणजे पिकोअँपिअर. एवढ्याशा प्रवाहावर मंजिरी गुरवची दोन वर्षं टांगली होती.

“दसऱ्याच्या सुट्टीनंतर बिघडलंय,” ती म्हणाली.

“तू गप्प बस.”

मोठी माणसं वाद असा जिंकतात.

तातोबांनी मीटरवरचं जुनं कनेक्टर कडेनं धरून काढलं. भिंग लावलं. मधली पिन आणि बाहेरचं कवच यांच्यामध्ये टेफ्लॉनची पांढरी कडी असते. प्रवाहानं तिथून झिरपून आकडा फुगवू नये, म्हणून.

कडी लाल होती.

“कुंकू कुणी लावलं?”

“मीच. खंडेनवमीला. दरवर्षी पूजा करतो आम्ही यंत्रांची.”

“दरवर्षी हितंच?”

“नाही, पेटीवर. यंदा म्हटलं, झाकण काढून थेट तोंडालाच...”



तातोबांनी ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला. कडी पुसली. पुन्हा पुसली. वाळवायला सर फुंकर मारणार, तोच त्यांनी कनेक्टरवर हात आडवा धरला.

“फुंकरीतबी पाणी असतंय.”

“मग किती वेळ?”

“वाळंपतोर.”

दोन तास गेले. चहा झाला. सरांनी सात वेळा घड्याळ पाहिलं. मंजिरीनं एकदाही नाही.

मग तातोबांनी कनेक्टर जागेवर बसवलं, नमुना जोडला. आकडा उतरू लागला.

नऊशे...

चाळीस...

सात...

तीन.

तीनवरच राहिला.

मंजिरी आधी हसली, मग तिनं डोळे पुसले. तातोबांनी तिची वही सरांसमोर सरकवली. तीन पिकोअँपिअरच्या पानावर सरांनीच मारलेली फुली होती. सरांनी पेन काढलं. फुलीखाली ‘आकडे बरोबर’ असं लिहिलं, सही केली. माफी मागितली नाही. तेवढं त्यांना कुणी शिकवलं नसावं.

मंजिरीला त्याचं काही नव्हतं. तिनं कप विसळले.

सरांनी खाकरून परदेशी कनेक्टर उचललं. अंगठा नेमका पांढऱ्या कडीवर.

“तरी सांगा मिस्त्री. तिन्हींतलं कोणतं घेऊ?”

तातोबांनी ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि मंजिरीपुढं ठेवलं.

“ही निवडंल. तुमी बोटं धुऊन या.”