पाहुण्याचं ताट

धाकट्या जावेच्या दुखण्यासाठी अनसूयाबाईंनी धरलेले सोळा सोमवार पुरे झाले, तरी कुमुदची अन्नावरची वासना परतली नव्हती.

"आज दोन घास जातील, जाऊबाई," ती म्हणाली, म्हणून दोघी फॅमिली रेस्टॉरंटात आल्या. भात कच्चा निघाला. कुमुदने ताट बाजूला सारलं.

"भात शिजला नाही हो," अनसूयाबाई म्हणाल्या.

मालक बापूसाहेब गरजले, "वीस वर्षांत आमच्या भाताला कुणी नाव ठेवलेलं नाही!"

अनसूयाबाईंनी आपलं न शिवलेलं ताट पुढे केलं. "मग बसा. आज माझ्या व्रताचं उद्यापन आहे, पाहुणा जेवल्याशिवाय मी उपास सोडत नाही. आज पाहुणे तुम्हीच."

सगळे बघत होते. बापूसाहेबांनी घास चावला, पुन्हा चावला, पण गिळवेना.

"दुसरा टाकतो," ते पुटपुटले. "वेळ लागेल."

"लागू द्या. सोळा सोमवार थांबलोय आम्ही."